शेवटच्या चारीवरचा नागरिकशास्त्राचा तास

नीरा डावा कालवा १८८५ सालचा. आज तो वीर धरणापासून निघतो, पुरंदर मागे टाकतो, बारामती तालुका भिजवतो आणि दीडशेच्या आसपास किलोमीटर चालून इंदापूर तालुक्यात दमतो. या कालव्याकाठच्या घरांत ‘हेड’ आणि ‘टेल’ हे शब्द पोरांच्या कानावर शाळेत जायच्या आधीपासून पडतात. हेड म्हणजे कालव्याच्या सुरुवातीची गावे, टेल म्हणजे शेवटची. पाणी सोडले की ते आधी टेलला पोचवून मग मागे हेडकडे यायचे, असा नियम आहे. तो पाळला जातो का, हा प्रश्न इंदापूरच्या शेवटच्या चारीवर विचारू नये, संध्याकाळ जाईल. कालव्याच्या टेलवरच्या बावीस गावांचा पाणीप्रश्न ही तिथली जुनी राजकीय कहाणी आहे आणि ती तिथल्या आठवीतल्या मुलालाही बऱ्यापैकी सांगता येते.

या मुलाला आणखी बरेच काही ठाऊक असते. पाटकरी कोण, पाळी कधी, ‘नमुना नंबर सात’ म्हणजे पाण्याची मागणी करायचा अर्ज, तो वेळेत भरला नाही तर काय होते, कालवा सल्लागार समितीची बैठक पालकमंत्री घेतात आणि तिथे आवर्तन ठरते, हे सारे तो घरी ऐकतो. त्याच मुलाला शाळेत ‘सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे काय?’ असे विचारले की तो मान खाली घालतो आणि गाइडातले तीन मुद्दे आठवू लागतो. वडील नमुना सात भरून कुणाच्या टेबलावर ठेवतात आणि पाण्याचा निर्णय किती टेबले ओलांडून खाली येतो, हेच त्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

किशोरवयीन मुलांना ऑनलाइन वर्गातून नागरिकशास्त्र शिकवता येईल का, अशी चर्चा निघाली की आधी रेंज, डेटा आणि मोबाइल यांच्यावरच बोलणे संपते. ते प्रश्न खरे आहेत, पण मला त्यांच्या आधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पडद्यावरच्या वर्गाला असे काय करता येते, जे चार भिंतींच्या वर्गाला करता येत नाही? नुसता फळाच पडद्यावर आणायचा असेल, तर फळा काय वाईट होता?

करोनाच्या काळात आपण नेमका फळाच पडद्यावर आणला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग राज्यभर पुन्हा भरायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. मधल्या काळात दीक्षा ॲप होते, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ होते, आणि शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट तर गल्लोगल्ली होते. गणिताच्या सरांनी मोबाइल डब्यांवर टेकवून वहीवर गणिते सोडवून दाखवली, विज्ञानाच्या मॅडमनी स्वयंपाकघरात प्रयोग केले. नागरिकशास्त्राच्या वाट्याला काय आले? धड्याच्या पानांचा फोटो आणि खाली ‘स्वाध्याय सोडवून पाठवा’.

यात शिक्षकांना बोल लावण्यात अर्थ नाही. विषयाची पत आपणच ठरवली आहे. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर असतो, त्यात राज्यशास्त्राला १२. जुलै २०२० मध्ये अभ्यासक्रमाला कात्री लागली. राज्याने तो २५ टक्क्यांनी कमी केला, सीबीएसई या केंद्रीय मंडळाने ३० टक्क्यांनी. केंद्रीय मंडळाने अकरावीच्या राज्यशास्त्रातून त्या वर्षापुरते जे काढले, त्यात ‘संघराज्य’, ‘नागरिकत्व’ आणि ‘धर्मनिरपेक्षता’ ही प्रकरणे होती. केवळ त्या वर्षीच्या परीक्षेपुरते हे काढले आहे, असा खुलासा मग करावा लागला. वेळ कमी पडला की आधी काय टाकून देता येते, याची आपली कल्पना त्या यादीत स्वच्छ दिसली.

गंमत अशी, की त्याच वर्षी २४ एप्रिलला, राष्ट्रीय पंचायत राज दिनी, केंद्र सरकारने ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ आणि ॲप सुरू केले. गावाचा विकास आराखडा, मंजूर कामे, त्यांची रक्कम, झालेला खर्च हे सारे कुणालाही मोबाइलवर पाहता येऊ लागले. सहावीच्या पुस्तकात ग्रामपंचायतीवर धडा आहे. तो धडा पडद्यावर वाचून दाखवला जात होता, आणि त्याच पडद्यावर दोन बोटांच्या अंतरावर मुलाच्या स्वतःच्या ग्रामपंचायतीचा हिशेब पडून होता. या दोघांची गाठ घालून देणे कुणाला सुचले असते, तर त्या दीड वर्षात नागरिकशास्त्र हा सगळ्यात जिवंत विषय झाला असता.

ती गाठ आता घालायला काहीच हरकत नाही. एक तास कसा जाईल, ते पाहू. नववीची वीस-पंचवीस मुले पडद्यावर आहेत. सर सांगतात, ई-ग्रामस्वराज उघडा, वर्ष निवडा, मग राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, आपले गाव. रकाने इंग्रजीत असतात, तिथे पहिली पाच मिनिटे जातात, जाऊ द्यावीत. मग यादी येते: गटार, पाण्याची टाकी, शाळेचे स्वच्छतागृह, स्मशानभूमीचे शेड. मुले ओरडायला लागतात, कारण यातले प्रत्येक काम त्यांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे. एखादी मुलगी म्हणणारच, ‘सर, आमच्या शाळेच्या मैदानाला पैसे का नाहीत? व्यायामाचं साहित्य का नाही?’

सरांना हवा असलेला प्रश्न हाच. पंधराव्या वित्त आयोगाचा गावाला येणारा पैसा दोन भागांत येत होता, ‘बंधित’ आणि ‘अबंधित’. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के बंधित ठेवला होता, म्हणजे तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा, मात्र पगारावर नाही. म्हणजे मैदानाचे साहित्य मागायचे तर ते त्या चाळीस टक्क्यांत बसले पाहिजे, आणि त्यासाठी ते आधी ग्रामसभेच्या आराखड्यात आले पाहिजे. मग ग्रामसभा कधी असते? कोण बसते? गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हे शेवटचे वाक्य ऐकून चुणचुणीत पोरे गालातल्या गालात हसतात. सभेला शंभर माणसे का जमू दिली जात नाहीत, हे त्यांना शिकवावे लागत नाही.

अठरा वर्षांखालच्यांना ग्रामसभेत मत नाही, पण त्यांचे म्हणणे आराखड्यात यावे म्हणून बालसभा घ्यावी असे आराखड्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे तर कायद्यानेच बांधलेले आहे. वर्गातल्या मुलांना एवढे कळले की त्यांच्या आईला त्या सभेची नोटीस कधी आली होती का, हा गृहपाठ आपोआप तयार होतो. पुस्तकात एक ‘ग्रामसेवक’ भेटतो. २०२४ मध्ये राज्याने त्या पदाचे नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केले आणि तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’. गावात मात्र दोघेही ‘भाऊसाहेब’च. पाठ्यपुस्तक, शासन निर्णय आणि गाव यांच्या तीन वेगळ्या भाषा असतात, हेही नागरिकशास्त्रच म्हणायचे.

पुस्तक आणि गाव यांत यापेक्षा मोठे अंतर मुलांनी नुकतेच अनुभवले आहे. पुणे जिल्हा परिषदेची आणि तालुक्यांच्या पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०१६ मध्ये झाल्या होत्या, त्यांचीही मुदत त्याच सुमाराला सरली. सगळीकडे प्रशासक आले. आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयातल्या तारखा यांत वर्षे गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, तेव्हा गाडे हलले. २०२२-२३ मध्ये सहावीला बसून ‘जिल्हा परिषदेचे सदस्य थेट जनतेकडून निवडले जातात’ असे पाठ केलेले पोर जून २०२५ मध्ये नववीत गेले, तरी त्याच्या गटाला सदस्य नव्हता. त्या वाक्याखाली रेघ मारून त्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले असतील. मग वर्गात कुणी विचारले नाही का, की सर, आपला सदस्य कोण? मला वाटते, विचारले असेल आणि सरांनी ‘परीक्षेला तेवढंच लिहा’ म्हणून सोडवून घेतले असेल.

कारण या दोन तालुक्यांत राजकारण ही घरातली गोष्ट आहे, आणि शिक्षकाला ते ठाऊक असते. इथे साखर कारखान्याची निवडणूक लोकसभेपेक्षा चुरशीने लढली जाते असे म्हणतात, ते फार खोटे नाही. माळेगाव आणि सोमेश्वर बारामतीत, भवानीनगरचा छत्रपती इंदापूर तालुक्यात, शिवाय कर्मयोगी आणि नीरा-भीमा. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा शेअर असतो आणि चहाबरोबर पॅनेलची चर्चा होते. २०२४ च्या लोकसभेला तर बारामतीत एकाच कुटुंबातल्या दोघी, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, समोरासमोर होत्या. वर्गात राजकारणाचा शब्द काढला की कुणाच्या तरी घरात ठिणगी पडणार, ही भीती रास्त आहे. ऑनलाइन तासाला ती दुप्पट होते, कारण मुलाच्या मागे खाटेवर आजोबा बसून ऐकत असतात, आणि तासाचा एखादा तुकडा रेकॉर्ड होऊन रात्रीत गावभर फिरू शकतो.

यावर सोपी वाट म्हणजे राजकारण टाळणे. बहुतेकांनी ती धरली आणि विषय मेला. मला दुसरी वाट बरी वाटते: माणसे बाजूला ठेवायची, कागद आणि रीत पुढे आणायची. कारखान्याचेच घ्या. सहकारी कारखान्यात दोन एकरवाल्यालाही एक मत आणि वीस एकरवाल्यालाही एकच. हा नियम पोरांना पाठ असतो. तिथून थेट प्रौढ मताधिकारावर जाता येते. त्याहून पुढे, सहकारी संस्था स्थापन करणे हा आता संविधानातल्या एकोणिसाव्या अनुच्छेदातला मूलभूत अधिकार आहे, २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने तो शब्द तिथे घातला. त्या दुरुस्तीचा राज्यांतल्या सहकारी संस्थांचा कारभार बांधून देणारा भाग मात्र सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये बाजूला काढला, कारण सहकार हा राज्यसूचीतला विषय आणि निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती घेतलेली नव्हती. संघराज्य म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या उदाहरणाने उसाच्या पट्ट्यात कसे सांगणार? आणि एवढे सांगून झाल्यावर एक अवघड प्रश्न तासात ठेवायचा: याच कारखान्याला ऊस तोडून देणाऱ्या माणसाला इथे किती मते? शून्य.

त्या शून्याकडे जरा थांबले पाहिजे. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, कारखान्यांच्या भोवती कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच संसार. बरोबर आलेल्या मुलांच्या हातात शिक्षण हमी कार्ड असावे आणि ते दाखवून जवळच्या शाळेत बसता यावे, अशी सोय कागदावर आहे. पण बारा-तेरा वर्षांची मुलगी बहुतेकदा कोपीवर धाकट्याला सांभाळत असते. ऑनलाइन वर्गाचे सगळ्यात मोठे सोंग इथे उघडे पडते. घरात एक मोबाइल, तो मुकादमाच्या फोनसाठी बापाच्या खिशात. तरी एक शक्यता मनात येते. शाळा गावाकडे राहिली आणि मुलगी इथे आली, तर त्या दोघींना जोडणारी दुसरी दोरी कुठली? आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, तोड संपल्यावर, गावाकडच्या बाईंचा अर्धा तास. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ही सामुदायिक आकाशवाणी आहे. तिच्यासारख्या केंद्राला तर डेटाही लागत नाही. पडदा नसेल तिथे आवाज चालतो. बालविवाह थांबवण्यासाठी गावातला अधिकारी कोण, तर ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी), आणि मुलीने स्वतः फोन करायचा तर १०९८, एवढे जरी त्या अर्ध्या तासात तिच्या कानावर पडले, तरी पुस्तकातल्या दोन धड्यांहून ते जास्त भरेल.

शिक्षकाच्या हातात आणखी एक ठेवा असतो, त्याची त्यालाच जाणीव नसते. जिल्हा परिषदेचा जवळजवळ प्रत्येक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेलेला असतो, कुणी केंद्राध्यक्ष म्हणून, कुणी बीएलओ म्हणून. आपल्याकडे या ड्युटीची फक्त तक्रार ऐकू येते. पण आदल्या रात्री शाळेच्या बाकावर झोपून पहाटे प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांचे मॉक पोल घेणे, ती मते पुसली गेल्याचे दाखवून यंत्र सील करणे, व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते ते समजावून सांगणे, संध्याकाळी १७ सी नमुन्यात एकूण मते लिहून प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला त्याची प्रत देणे, हे ज्याने हाताने केले आहे, त्याच्याइतके निवडणूक प्रक्रियेवर अधिकाराने कोण बोलेल? दहावीच्या पुस्तकात ‘निवडणूक प्रक्रिया’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचून दाखवण्यापेक्षा ‘त्या रात्री आमच्या केंद्रावर वीज गेली होती’ अशी सुरुवात करावी. अनेक शाळांत मुलांचे मंत्रिमंडळ निवडताना मोबाइलवरच्या मतदान ॲपचे यंत्र करतात, बोटाला मार्करची शाई लावतात. तो खेळ छान असतो. मात्र निकाल लागला की संपतो. निवडून आलेल्या आरोग्यमंत्र्याला महिन्याने वर्गासमोर उभे करून ‘पाण्याची टाकी किती वेळा धुतली?’ असे विचारायला कुणी शिकवत नाही.

हा विचारण्याचा भाग पडद्यावर फार चांगला जमतो. आपला खासदार लोकसभेत काय विचारतो, ते लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येते, प्रश्नही आणि मंत्र्याचे उत्तरही. विधिमंडळाचे कामकाज थेट पाहता येते. मुलांना एकच काम द्यावे: आपल्या तालुक्याचे, आपल्या पिकाचे, आपल्या रस्त्याचे नाव असलेला एक प्रश्न शोधून आणा. कुणाचा पक्ष चांगला, यावर एक अक्षर न बोलता तासभर राजकारण शिकवून होते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. भिंतींचा वर्ग गावाबाहेर जाऊ शकत नाही. हेडचे पोर हेडच्या शाळेत, टेलचे टेलच्या. पडदा त्यांना एका तासाला बसवू शकतो. ऑनलाइन नागरिकशास्त्राची खरी मिळकत मला इथे दिसते.

एप्रिल २०२१ मधली गोष्ट आहे. शाळा बंदच होत्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे वापरून झालेले पाणी भीमा नदीवाटे उजनी धरणात येते, त्यातले पाच टीएमसी उचलून इंदापूरच्या टंचाईच्या भागाला द्यायचे, यासाठी सर्वेक्षणाचा आदेश निघाला. इंदापुरात आनंद झाला. सोलापूर जिल्ह्यात भडका उडाला. सांडपाण्याच्या नावाखाली आमच्या हक्काचे पाणी पळवताय, म्हणून आंदोलने झाली, आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. मग रद्द केल्याबद्दल इंदापुरात आंदोलन. पुढच्या वर्षी लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेवरून तोच खेळ पुन्हा. त्याआधी नीरा-देवघर धरणाचे पाणी डाव्या कालव्याला द्यायचे की उजव्याला, हा निर्णय जून २०१९ मध्ये एका सरकारने एकीकडे फिरवला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने पुन्हा बदलला. उजवा कालवा फलटण, माळशिरसकडे जातो, डावा बारामती, इंदापूरकडे. एका बाजूच्या घरात पेढे, दुसऱ्या बाजूच्या घरात मोर्चाची तयारी.

पण इंदापूरच्या मुलाने माळशिरसच्या मुलाचे म्हणणे कधी त्याच्या तोंडून ऐकलेले नसते. त्याला ते आपल्या पुढाऱ्याच्या भाषणातून कळते, म्हणजे कळतच नाही. आता एक तास असा घ्या, की त्यात नववीची दहा मुले इंदापूरची, दहा मोहोळ-माढ्याची, दहा बारामतीची. समोर एकच आकडा ठेवा: उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, त्यातले ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. उरलेले वाटा. इंदापूरच्या मुलाने सोलापूरची बाजू मांडायची, मोहोळच्या मुलीने इंदापूरची. पिण्याचे पाणी आधी की उसाचे? धरणात ज्यांची गावे बुडाली, ती इंदापूर-करमाळ्याची, त्यांचा वाटा किती? पुण्याच्या सांडपाण्यावर मालकी कुणाची? अर्ध्या तासात भांडण होईल. व्हावे. म्यूटचे बटण सरांच्या हातात असते, ही सोय भिंतींच्या वर्गात नाही.

ही कल्पना हवेतली नाही. याच भीमेच्या पलीकडे, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. क्यूआर कोडच्या पुस्तकांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातले अर्धे इतर नऊ स्पर्धकांत वाटल्यामुळे आणखी. पण त्यांच्या कामाचा एक भाग असा होता, की एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या, म्हणजे भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा, मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलते करायचे. परितेवाडीतून पाकिस्तानशी बोलता येत असेल, तर इंदापूरहून मोहोळ काय लांब आहे?

उजनीच्या दोन काठांना हे जास्त कळेल. करमाळ्याचे कुगाव आणि इंदापूरचे कळाशी यांच्यामध्ये फुगवट्याचे पाणी. सोयरीक या काठाची त्या काठाला, जिल्हे वेगळे. रस्त्याने गेले तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीने जात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात ती बोट उलटली आणि सहा जण बुडाले. त्यानंतर शिरसोडी-कुगाव पुलाची जुनी मागणी जोरात आली. पूल कुणी मागायचा, कोणत्या खात्याकडे, दोन जिल्ह्यांचा असेल तर कुणाच्या, बोटीला परवाना कोण देतो, लाइफ जॅकेट तपासणे कुणाचे काम, हे दोन्ही काठांवरच्या मुलांनी एकत्र बसून शोधले, तर तो एका वर्षाचा अभ्यासक्रम होईल.

जग या वाटेने थोडे पुढे गेले आहे. तैवानमध्ये सरकारने लोकांच्या सूचनांसाठी ‘जॉइन’ नावाचा मंच ठेवला आहे. २०१७ मध्ये तिथे एका सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने एकदाच वापरून फेकायच्या भांड्यांवर हळूहळू बंदी आणा, असा अर्ज टाकला, पाच हजारांवर लोकांनी पाठिंबा दिला, पर्यावरण खात्याला उत्तर देणे भाग पडले, आणि २०१९ पासून तिथल्या मोठ्या उपाहारगृहांत प्लास्टिकच्या स्ट्रॉ बंद झाल्या. मत द्यायचे वय नव्हते, अर्ज करायचे होते. आपल्याकडे केरळच्या कोल्लम जिल्ह्याने गावोगाव वर्ग घेऊन जानेवारी २०२३ मध्ये स्वतःला पहिला संविधान-साक्षर जिल्हा म्हणून जाहीर केले. आपले बीडही मागे नाही. शांतिलाल मुथा फाउंडेशनने २००९ मध्ये तिथल्या शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केले आणि संविधानातली मूल्ये खेळातून, गटचर्चेतून शिकवायचा तो उपक्रम पुढे राज्यभर गेला. तो प्राथमिकच्या मुलांसाठी होता. मिसरूड फुटायच्या वयाला मात्र आपण गाइड देतो.

आणि हे वय मोबाइलवर नागरिक होऊन बसलेलेच आहे, आपण शिकवू न शिकवू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भटक्या समाजातले, भिक्षा मागून जगणारे, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे होते. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा घातली. ऑनलाइन नागरिकशास्त्राचा पहिला तास खरे तर वर्गाच्या स्वतःच्या व्हॉट्सॲप गटावर घ्यावा. गटात काय चालेल, काय नाही, ॲडमिन कोण आणि किती दिवस, कुणाचा फोटो त्याला न विचारता टाकला तर काय, पुढे ढकललेला संदेश खरा की खोटा हे कुणी तपासायचे? मुलांनी स्वतः नियम लिहायचे, मतदान घ्यायचे, आणि नियम मोडणाऱ्या पहिल्या मुलाचे काय करायचे, ते ठरवताना घाम गाळायचा. घटना समितीला जवळजवळ तीन वर्षे का लागली, त्याचा अंदाज येतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, हेही त्यात ओघाने येते. तास घेणाऱ्या शाळेलाही ते लागू होते का, हा प्रश्न मुलांनीच सरांना विचारला, तर सरांनी रागावू नये.

सतरा पूर्ण झालेल्यांना तर आता वाट बघायचीही गरज नाही. २०२२ पासून मतदार नोंदणीसाठी वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा वर्षांवरचा कुणीही नमुना ६ आगाऊ भरून ठेवू शकतो. अकरावी-बारावीच्या ऑनलाइन तासाला तोच फॉर्म सगळ्यांनी उघडावा. पत्त्याचा पुरावा काय लावायचा इथपासून गोंधळ सुरू होतो. यादीत आजीचे नाव चुकीचे छापलेले सापडते, मेलेल्या चुलत्याचे तसेच राहिलेले असते. मग नमुना ७ आणि नमुना ८ लागतात, आणि कालव्यावरचा एखादा हमखास विचारतो, ‘हा नमुना सात कुठला, पाण्याचा का?’

राहिला वेळेचा प्रश्न. दिवसा मुले शाळेत, म्हणून असा जोडतास संध्याकाळी सात-साडेसातला ठेवावा लागेल. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात टेलची निम्मी मुले गळतील. आवर्तन सुटले की उरलेलीही जातील, कारण पाळी रात्री दोनला आली तरी दारे धरायला माणूस लागतो आणि घरात तरणाताठा तोच असतो. तेव्हा तासाचे वेळापत्रक लावणाऱ्याने आधी पाटबंधारे खात्याचे आवर्तनाचे वेळापत्रक मागवून घ्यावे.